पाच नंबरच्या रांगेतली एक्केचाळीस माणसं

१. दार लागलं

बुधवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी विमानतळाच्या तपासणी हॉलमधल्या पाच नंबरच्या रांगेने आपलं दार आपणच लावून घेतलं. आत चिटपाखरूही नव्हतं. दारावरच्या पाटीवर मात्र लालभडक आकडे झळकत होते : थांबण्याची वेळ, ४७ मिनिटं.

उरलेल्या चार रांगांमध्ये त्या वेळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. आदल्या दिवशी दोन विमानं रद्द झालेली, त्यांचेही प्रवासी आज आलेले. लोक पाच नंबरकडे बोट दाखवून ओरडत होते, "अहो, ती मोकळी आहे की!" आणि दार आपलं ढिम्म. ते उघडायचा अधिकार दोघांनाच, यंत्राला आणि हॉलच्या साहेबांना. यंत्र नाही म्हणत होतं आणि साहेब पलीकडच्या इमारतीत बैठकीला बसले होते. नऊ वाजता ते धापा टाकत आले, किल्ली फिरवली, यंत्राचा आकडा शून्यावर आणला. तोवर एकोणीस जणांची विमानं उडून गेली होती.

ते एकोणीस जण मग जिथे यायचे तिथेच आले. तक्रारबाईंच्या खिडकीशी.

तक्रारबाई पन्नाशी ओलांडलेल्या. चष्मा कपाळावर आणि पेन कानामागे खोचून तोच चष्मा नि तेच पेन टेबलभर शोधणाऱ्या. तेवीस वर्षं त्या खिडकीत बसून परक्यांचा राग झेलत होत्या. त्याची इतकी सवय झाली होती, की घरी कोणी गोड बोललं तर त्यांना आधी शंका यायची. आजही त्यांनी अठरा जणांचा आरडाओरडा शांतपणे ऐकून घेतला. एकोणिसावी बाई मात्र ओरडली नाही, आणि तेच त्यांना लागलं.

"मुलीला पहाटे बाळ झालंय," ती बाई म्हणाली. "माझं पहिलं नातवंड. उद्याचं तिकीट देतायत मला. जाईन हो मी उद्या. पण आज झालेलं बाळ आजच बघायचं होतं."

तक्रारबाईंनी तिला आत बोलावून स्वतःच्या खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि फॉर्म भरायला घेतला. नाव, विमान, वेळ. शेवटचा रकाना होता 'कारण'. तिथे पेन अडलं. रिकामी रांग भरली कशी?

खिडकीत सावली पडली. साहेब होते, आणि त्यांच्या मागे मोजणीताई.

मोजणीताई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. रांगांचं यंत्र बसवणाऱ्या कंपनीची ही तिशीतली इंजिनियर दोन महिने हॉलमध्ये तळ ठोकून होती. हातात कायम टॅब, केसांचा घट्ट अंबाडा, त्यातून सुटून मानेवर आलेली एक बट, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरचा माणूस चुकून बेरजेत आलाय.

"आकडे सांगा यांना," साहेब म्हणाले.

"पाच नंबर, आज सकाळी," मोजणीताईने टॅबवरून वाचलं. "आत गेले दोनशे त्रेपन्न. पलीकडून बाहेर पडले दोनशे बारा. बोर्डिंग पास तपासले, तेही दोनशे बारा."

तक्रारबाईंनी हाताशी आलेल्या पाठकोऱ्या कागदावर वजाबाकी मांडली.

"मग उरलेले एक्केचाळीस जण कुठे गेले?"

"तेच तर," मोजणीताई म्हणाली. "कुठेच गेले नाहीत. आणि आतही नाहीत."

२. संशय एकीवर

यंत्र तसं साधं होतं. म्हणजे साहेबांना समजेल इतकं. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी छतात एक डोळा, शेवटाला दुसरा. पहिला डोळा आत शिरणारी डोकी मोजतो, दुसरा बाहेर पडणारी. मधे उरतील ती रांग. त्यावरून पाटीवर मिनिटं येतात, दर मिनिटाला बदलतात, आणि रांग फार लांबली की तिचं दार बंद होऊन लोक दुसरीकडे वळतात. माणसाने काही करायचं नाही. करू नये, असंच करारात होतं. बारा दिवसांच्या चाचणीचा हा शेवटचा दिवस, आणि आज चार वाजता वरचे लोक निकाल द्यायला येणार होते.

"कुणी मधूनच बाहेर पडलं असेल तर?" तक्रारबाईंनी विचारलं. "मधे कुठे डोळा आहे?"

"मधे नाही. पण बाजूने पट्टे आहेत ना, कमरेइतके. खांबावरून पट्टा सोडला तर दिवा लागतो आणि माझ्याकडे नोंद येते. पाचमध्ये बारा दिवसांत एकही पट्टा सुटलेला नाही."

"बारा दिवस? म्हणजे हे आजचं नाही?"

"रोजचंच आहे. आठ, दहा, तेरा. आकडा लहान म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मी रोज घरी जाऊन प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासते. चूक सापडत नाही." तिने टॅबवर मागच्या तारखा काढल्या. "फक्त दोन्ही मंगळवारी फरक शून्य. काल मी नव्हते, पण सकाळी आल्या आल्या पाहिलं. सगळं चोख."

"आणि मंगळवारी सुट्टी कोणाची?" साहेबांनी खिशातून एक पाकीट काढलं. "दोरीमावशीची. बाई, ते एक्केचाळीस जण नाहीतच. एकच माणूस आहे. पुढून आत जायचं, मधूनच निसटायचं, पुन्हा आत जायचं. यंत्र वेडं ठरावं म्हणून. यंत्र गेलं तर कोणाचं काम वाचतं, ते मी सांगायला हवं का? कामावरून काढल्याचं पत्र तयार आहे. कॅमेऱ्यांचं चित्रण सुरक्षेवाल्यांकडून यायला दोन दिवस लागतात, आणि चारला त्यांना नाव द्यायचंय मला."

तक्रारबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

दोरीमावशी. तेवीस वर्षांपूर्वी तक्रारबाईंचा मुलगा मांडीचं हाड मोडून तीन महिने पलंगावर होता. त्या तीन महिन्यांत मावशीने हॉलमधल्या रांगांच्या दोऱ्या धरण्याचं आपलं काम सांभाळून दुपारची ही खिडकीही सांभाळली होती आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. नाहीतर या खिडकीत आज दुसरंच कुणी बसलं असतं. त्याचे आभार मानायला गेल्यावर मावशी म्हणाली होती, "गप बस, लोकांच्या शिव्या खायची मलाच हौस होती."

"साहेब, मला एकोणीस जणांना कारण लिहून द्यायचंय," तक्रारबाई म्हणाल्या. "अंदाज नाही, कारण. चारपर्यंत पत्र खिशातच ठेवा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा.

"चार म्हणजे चार," ते म्हणाले.

३. मावशी बोलते

दोरीमावशी कर्मचाऱ्यांच्या खोलीत बाकावर पाय लांब करून बसली होती. पांढरे केस पोरासारखे बारीक कापलेले, गणवेशाला कडक इस्त्री. यंत्र यायच्या आधी हॉलमध्ये दोऱ्या धरणाऱ्या आठ बायका होत्या. आता ती एकटी. काम एवढंच, रांगांच्या अलीकडे उभं राहून "पाटी बघा, पाटी बघा" म्हणायचं.

"आलीस? ये," ती म्हणाली. "माझ्यावर आलंय म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सकाळपासून सगळे माझ्याशी गोड बोलतायत."

तक्रारबाई शेजारी टेकल्या. "मावशी, खरं सांग. यंत्राला काही केलंस?"

"शिव्या दिल्या. रोज देते. तोंडावर देते, ती यंत्रवाली पोरगी शेजारी उभी असताना देते. तोंडावर देता येत असताना मी पाठीमागून कशाला काही करू?"

"पाच नंबरमध्ये गेलीस कधी?"

"माझी जागा एक नंबरपाशी. पाच नंबर तिकडे त्या टोकाला, पोरीच्या उभ्या टेबलाजवळ. तिथवर जायचं म्हणजे मला प्रवास भत्ता लागेल."

तक्रारबाईंना हसू आलं आणि हातातलं पेन निसटून फरशीवर पडलं. मावशीने सवयीने पुढे झेप घेतली, अर्ध्यावर थांबली, विहिरीत पडलेल्या घागरीकडे बघावं तसं पेनाकडे बघितलं, आणि चपलेच्या टोकाने ते हळूच तक्रारबाईंकडे सरकवलं.

"घे तूच. हा उजवा गुडघा सहा महिन्यांपासून वाकायचं नाव घेत नाही. चालतं, उभं राहतं, पण वाकत नाही. माझ्यावरच गेलाय."

पेन उचलता उचलता तक्रारबाई तशाच वाकून राहिल्या.

पट्टा कमरेइतका उंच. तो सुटलेला नाही. म्हणजे जो कोणी मधून बाहेर पडला, तो पट्ट्याखालून वाकून गेला. रोज दहा वेळा. आज एक्केचाळीस वेळा.

"मावशी," त्या सावकाश सरळ झाल्या, "तू वाकू शकत नाहीस."

"तेच सांगतेय की मघापासून. बहिरी झालीस का?"

त्या तडक साहेबांकडे गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं. मान डोलावली. मग म्हणाले, "गुडघा दुखत नसताना दुखतो असं म्हणणारी माणसं मी रोज बघतो, बाई. मावशी नाही तर कोण, ते सांगा. नुसतं 'मावशी नाही' हे नाव होत नाही."

बाहेर येताना तक्रारबाईंची वाट कोणीतरी अडवली. हातात फरशी पुसायचा दांडा होता.

"बाई," सफाईचा मुकादम दबक्या आवाजात म्हणाला, "पाच नंबरचं काही विचारताय ना? मग मला का नाही विचारलं?"

४. काडेपेटीतला ऐवज

मुकादम हा तसा रागीट माणूस. यंत्राच्या खांबांनी त्याच्या पुसण्याची वाट लावली होती, आणि हे तो भेटेल त्याला सांगायचा.

"आधीच सांगतो, मी नाही," तो म्हणाला. "मी पाच वाजता पुसतो, यंत्र सहाला मोजायला लागतं. आणि माझी सुट्टी रविवारी. रविवारी तिथे नऊ जण गायब झाले म्हणे. ते काय माझ्या भुताने केले?"

"तुमच्यावर कोणी आळ घेतलाय का?"

"घ्यायच्या आत सांगून ठेवलेलं बरं." त्याने खिशातून काडेपेटी काढली आणि इकडेतिकडे बघून उघडली. आत काळ्या केसांच्या पिना होत्या. सात. "हॉलभर बायकांच्या पिना पडतात. इथे एक, तिथे एक. पण या सातही एकाच जागी मिळाल्या. पाच नंबरची रांग, मधला खांब, पट्ट्याच्या बरोब्बर खाली. एकीला इतक्या पिना गळत असतील तर तिचे केस कुठल्या कुठे गेले असतील."

"आणि तुम्ही त्या जपून ठेवल्यात?"

मुकादम जरा लाजला. "चांगल्या असतात हो. टाकवत नाहीत."

पट्ट्याखालून वाकताना डोकं पट्ट्याला घासतं. पिन निसटते. तक्रारबाईंना मावशीचं बारीक कापलेलं डोकं आठवलं. त्यात पिन खोचायची तर आधी केस उसने आणावे लागले असते. म्हणजे बाई हवी, केसवाली, वाकणारी, आणि मंगळवारी नसणारी. त्यांनी हजेरीचा तक्ता काढून पाहिला. मंगळवारी सुट्टी असलेली हॉलमधली एकच व्यक्ती होती. मावशी.

अडीच वाजले.

त्या खिडकीत परत आल्या. नातवंडवाली बाई खुर्चीतच डुलकी घेत होती. तक्रारबाई स्टुलावर बसल्या, चष्मा शोधला, कपाळावर सापडला. समोर सकाळचा पाठकोरा कागद होता, दोनशे त्रेपन्न वजा दोनशे बारा. आणखी काही सुचेना म्हणून त्यांनी तो उलटा केला.

मागे थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं : 'तुमच्या हॉलमधल्या त्या मुलीचे आभार. पाट्या बदलत होत्या, मला काही कळेना. तिने माझी पिशवी घेतली आणि पाच नंबरच्या रांगेत नेऊन उभं केलं. कोणता गुडघा दुखतो ते विचारलं आणि त्या बाजूने चालली.'

तक्रारबाईंनी हे दोनदा वाचलं. मग टेबलाचा खालचा खण ओढला.

तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. तिला क्रमांक असतो, फाइल असते, मुदत असते. आभाराला यातलं काहीच नसतं. म्हणून तक्रारपेटीत कोणी आभाराची चिठ्ठी टाकली की ती या खणात यायची, आणि मागची बाजू कोरी म्हणून हिशेबाला, निरोपाला वापरली जायची. तेवीस वर्षं. तक्रारबाईंना स्वतःचाच इतका राग आला, की त्यांनी स्वतःविरुद्ध फॉर्म भरला असता.

गेल्या बारा दिवसांच्या चौतीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या बावीस पाच नंबरच्या.

'त्या पोरीने माझ्या बायकोला हात दिला.' 'मी म्हटलं मला उशीर होतोय, ती म्हणाली, मीही तुमच्याबरोबरच आहे, घाई नाही.' 'ती हसली नाही पण हात फार मायेने धरला.' 'मी वळून आभार मानायला गेलो तर ती नव्हतीच, कुठे गेली कळलं नाही.'

एकीतही मंगळवारची तारीख नव्हती.

मुलगी. पोरगी. साठीच्या मावशीला असं कोण म्हणेल? तक्रारबाई उठल्या आणि काचेतून हॉलकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना आता फक्त एक गोष्ट बघायची होती. आणि ती त्यांना नऊ मिनिटांत दिसली.

५. आणखी एक

एक आजोबा होते. दोन हातांत दोन पिशव्या. दोन नंबरच्या पाटीवर सहा मिनिटं दिसली म्हणून तिकडे निघाले. पोचेपर्यंत तिथे अकरा झाली आणि चार नंबरवर पाच मिनिटं. ते चारकडे वळले. तिथे पोचेपर्यंत चारवर नऊ. आजोबा मधोमध उभे राहिले, पिशव्या खाली ठेवल्या आणि रुमालाने मान पुसू लागले.

पाच नंबरजवळच्या उभ्या टेबलाशी मोजणीताईने टॅबवरून नजर उचलली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. टॅब काखेत मारला, आजोबांजवळ गेली, काहीतरी बोलली, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि त्यांच्या पावलाला पाऊल लावून त्यांना पाच नंबरच्या तोंडातून आत नेलं. मधल्या खांबापाशी रांग मिळाली. पिशव्या त्यांच्या पायाशी ठेवल्या. मग पट्ट्याखालून सराईतपणे वाकून ती बाहेर आली. सुटलेली बट कानामागे सारत टेबलाशी परतली आणि टॅबकडे पाहिलं.

ताडकन सरळ झाली. मग धावतच खिडकीकडे आली.

"आत्ता!" ती ओरडली. "आत्ता या क्षणी पाचमध्ये एक वाढला! तुम्ही बघत होतात ना? कोण होतं?"

तक्रारबाईंनी दार उघडून तिला आत घेतलं.

"ते दोन पिशव्यांवाले आजोबा पाचमध्ये कसे गेले?"

"मी नेलं त्यांना. ते जाऊ द्या, मी म्हणतेय..."

"त्यांना डोळ्याने मोजलं?"

"हो, आत गेल्यावर एक."

"आणि तुला?"

 मोजणीताईने टॅबकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, मग हळूच हात मागे नेऊन अंबाडा चाचपला. तक्रारबाईंनी काडेपेटी उघडून तिच्यासमोर धरली.

"तुझ्याच ना?"

तिने एक पिन उचलून बघितली आणि परत ठेवली. मग तिथेच खाली, फाइलींच्या गठ्ठ्यावर बसली.

"बारा दिवस," ती म्हणाली. "बारा दिवस मी प्रोग्रॅममध्ये शोधतेय."

"मंगळवारी नसतेस तू?"

"कंपनीत जाते. आठवड्याचा अहवाल द्यायला." ती एकाएकी हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि ते हसू रडण्याच्या इतकं जवळ होतं की तक्रारबाईंनी दुसरीकडे पाहिलं. "पाट्या दर मिनिटाला बदलायचं मीच लिहिलंय हो. घरी बसून लिहिताना ते फार हुशारीचं वाटलं होतं. चाचणीच्या पहिल्याच दिवशी इथे एक आजी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन वेळा पळताना बघितल्या. माझ्या पाटीमागे पळत होत्या त्या. मग मी नेलं त्यांना. बाकीच्या चारही रांगा वळणावळणाच्या, पाच नंबर सरळ आहे, म्हणून पाचमध्ये."

"आणि आज?"

"आज फारच होते. कालचेही. पाटीवर पाचला वेळ जास्त दिसायला लागली तसे बाकीचे लोक तिकडे यायचे बंद झाले. मला वाटलं, पाटी चुकतेय पण रांग मोकळी आहे, म्हातारे तिथेच बरे. म्हणून आणखी नेले. जितके नेले तितकी..." ती थांबली. "तितकी मीच आत साठत गेले. शेवटी दार लागलं."

"कोणाला सांगितलं का नाहीस, माणसं नेतेस म्हणून?"

"सांगण्यासारखं काही करतेय असं वाटलंच नाही. चार पावलं चालायचं तर होतं." मग ती खाली मान घालून म्हणाली, "आणि अहवालात एक रकाना आहे. मानवी मदत किती वेळा लागली. चाचणी पास व्हायला तिथे शून्य लागतं. मी रोज शून्य लिहिलं. खोटं लिहितेय हे मनात आलंच नाही, खरंच. मी स्वतःला धरलंच नव्हतं."

घड्याळात चारला सात मिनिटं कमी होती.

"साहेबांच्या खिशात मावशीच्या नावाचं पत्र आहे," तक्रारबाई म्हणाल्या. "मी आत्ता जाऊन खरं सांगू शकते. पण तुझ्याबद्दल मी सांगणं आणि तू सांगणं यात फरक आहे. काय व्हायचं ते होईल. तुझी कंपनी काय करेल मला माहीत नाही, आणि काही होणार नाही असं मी तुला खोटं सांगणार नाही."

मोजणीताई उठली. केस सोडून पुन्हा नीट बांधले. सातपैकी चार पिना काडेपेटीतून घेतल्या.

"त्या चिठ्ठ्या द्याल का?" तिने विचारलं. "दाखवायला नाही. हातात असल्या म्हणजे बरं वाटेल."

६. चार वाजता

वरचे लोक तिघे होते. लांब टेबलाच्या पलीकडे बसलेले. साहेबांचा हात खिशाकडे गेलेलाच होता, तेवढ्यात दार उघडलं.

"ती एक्केचाळीस माणसं मी आहे," मोजणीताई म्हणाली.

 साहेबांनी तिच्या मागे पाहिलं, जणू उरलेल्या चाळीस जणी दाराबाहेर उभ्या असाव्यात.

तिने सगळं सांगितलं. उभ्याने, न थांबता, आकड्यांसकट. पिना, पट्टा, शून्य लिहिलेला रकाना. स्वतःची बाजू मांडली नाही. शेवटी म्हणाली, "मोजण्यात यंत्र चुकलेलं नाही. मी चुकले. एकोणीस जणांचं विमान माझ्यामुळे हुकलं. आणि या सगळ्यात दोरीमावशींचा काडीचा संबंध नाही."

त्या तिघांतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी हात पुढे केला. "ते कागद कसले?"

मोजणीताईने ते आणखी घट्ट धरले. तक्रारबाईंनी पुढे होऊन तिच्या हातातून चिठ्ठ्या घेतल्या आणि टेबलावर ठेवल्या. "पुरावा आहे," त्या म्हणाल्या. "उशिरा वाचला. ती चूक माझी."

गृहस्थांनी एक वाचली. दुसरी वाचली. तिसरी शेजारच्याला दिली. मग चष्मा काढून पुसत विचारलं, "एका माणसाला आत न्यायला किती वेळ लागतो?"

"दीड मिनिट," मोजणीताई म्हणाली.

"आणि हे तुमच्या यंत्रात बसत नाही?"

"बसवता येईल. पाचच्या मधल्या खांबापाशी छोटं फाटक, वर एक डोळा. नेणारा तिथून बाहेर पडला की आकड्यातून एक वजा. पाट्याही दर मिनिटाला बदलायला नकोत, पाच मिनिटांनी बदलल्या तरी चालतं. एका दिवसाचं काम आहे." ती क्षणभर घुटमळली. "पण नेणारं माणूस लागेल. ते यंत्रात बसत नाही. अहवालात तसं लिहिते मी. शून्य खोडून."

"खोडा," गृहस्थ म्हणाले. "चाचणी एक महिना पुढे ढकलू. तुमच्या कंपनीला मी पत्र लिहीन. काय लिहायचं ते या चिठ्ठ्या पुन्हा वाचून ठरवेन." मग साहेबांकडे वळून, "तुमच्याकडे असं माणूस आहे का? सावकाश चालणारं?"

साहेबांचा हात अजून खिशातच होता. त्यांनी तो पाकिटाशिवाय बाहेर काढला.

"एक आहे," ते म्हणाले. "तिच्याइतकं सावकाश या हॉलमध्ये कोणीच चालत नाही."

हे साहेबांनी विनोदाने म्हटलं की मनापासून, ते तक्रारबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. पण बाहेर आल्यावर साहेबांनी पाकीट फाडून कचऱ्यात टाकलं. मग, कोणी न सांगता, फोनवर अर्धा तास चढ्या आवाजात घालवून संध्याकाळच्या सहाच्या विमानात एक जागा मिळवली. खुर्चीत डुलकी घेणाऱ्या बाईला मोजणीताईने स्वतः उठवलं. तपासणीच्या पलीकडे पोचवेपर्यंत तिचा हात सोडला नाही. उरलेल्या अठरा जणांना तिने एकेक करून फोन केले. काही जण रागावले, काही जण आणखी रागावले. एक म्हणाला, "निदान खरं तरी सांगितलंत."

मावशीने तोवर कपाट रिकामं करून ठेवलं होतं. गणवेशाची घडी, त्यावर बिल्ला. तक्रारबाई आत आल्या तरी तिने मान वर केली नाही.

"कोणाकडे द्यायचं हे?" तिने विचारलं.

"उद्या अंगात घालून ये. पाच नंबरवर ड्यूटी आहे तुझी. म्हाताऱ्यांना हात धरून न्यायचं."

"मी? आणि मला कोण नेणार?" मावशी म्हणाली आणि बिल्ला घडीवरून उचलला. "वाकायचं असेल तर आत्ताच सांग."

"फाटक करतायत. वाकायचं नाही."

मग तक्रारबाईंनी सगळं सांगितलं. मावशीने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि हे तीस वर्षांत कोणी पाहिलेलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "ती बोलली नसती, नुसतं यंत्र बिघडलं म्हणाली असती, तर?"

"तर कदाचित तिचं काही गेलं नसतं."

"माझं गेलं असतं."

"हो."

मावशी उठली. उजवा पाय ओढत दारापर्यंत गेली. मोजणीताई बाहेरच्या बाकावर बसून अहवाल लिहीत होती. मावशीला बघून ती गडबडून उभी राहिली.

"मावशी, मला माफ..."

"बस खाली." मावशी तिच्यासमोर येऊन थांबली.  मग हात लांब केला आणि पोरीच्या मानेवरची ती बट अंबाड्यात घट्ट खोचून दिली.

"उद्या डबा आणू नकोस," ती म्हणाली. "मी आणते दोघींचा."

मोजणीताईने मान हलवली. मग नाक पुसत, अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "मला तिखट चालत नाही, मावशी."

"मग? कमी घालीन की."